उपास आणि उपसा

आमच्या मोठीमायनं आयुष्यात किती उपास केले याचा हिशेब देवाकडंही नसेल. तुळजाबाई तिचं नाव, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची ती बायको, पण आम्ही सगळी लेकरं तिला मोठीमायच म्हणायचो. सोमवार रामलिंगाचा, मंगळवार तुळजापूरच्या आईचा, महिन्याची चतुर्थी, दोन्ही एकादश्या आणि गल्लीत कुणाचं लेकरू तापानं फणफणलं की त्याच्या नावाचा एखादा वरकड. एवढे उपास करून बाई वाळून गेली असेल असं कुणाला वाटलं, तर त्यानं आमच्या घरचा फराळ पाहिलेला नाही. भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आमच्याच ओट्यावर जन्माला आली असावी असा माझा संशय आहे.

मोठीमायला पोटचं लेकरू नव्हतं. त्यामुळं की काय, दारात आलेला माणूस न खाता परत गेला तर तिला स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटायचं. माणसाची तब्येत ती नाडीवर नाही, भाकरीवर मोजायची. दोन भाकरी खाणारा धडधाकट, एक खाणारा नाजूक आणि अर्धी ठेवून उठणारा तिच्या लेखी नुसता भांडण काढायला आलेला. ऐंशी वर्षं जगली आणि हे मत तिनं कधी बदललं नाही. फक्त एकदा, सोलापुरात, ते जागचं हललं होतं. ती गोष्ट मला सांगायची आहे. मी तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळं निम्मं तिच्या तोंडून ऐकलेलं आणि निम्मं मकबूलचाचांच्या. दोघांचं जिथं जुळत नाही तिथं मला जे खरं वाटलं ते लिहिते.

मोठीमायचा नवरा लिंबाजी, आमचे आबा. येडशीच्या शिवारात त्यांचा मळा होता आणि मळ्यात बारमाही पाण्याची विहीर. आबा मोट हाकायचे. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते : बैलांच्या ताकदीवर विहिरीतून वर येणारी ती चामड्याची मोठी पिशवी असते आणि तिला खाली एक सोंड असते. पिशवी वर आली की सोंडेतून पाणी भळाभळा थारोळ्यात पडतं आणि पाटानं पिकाला जातं. आबांच्या हातात मोट असली की रिकामी फेरी म्हणून कधी व्हायची नाही, आणि मोट हाकताना ते गायचेही. आवाज काही फार गोड नव्हता, पण बैलांना तोच आवडायचा.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, म्हणजे निजामाचं राज्य अजून भक्कम वाटत होतं तेव्हा, आबांना अन्न पचेनासं झालं. आधी नुसतं पोट फुगायचं. मग सकाळची भाकरी संध्याकाळी उलटून पडायला लागली आणि पुढं पुढं तर आदल्या दिवशीची. आंबूस वासाची, जशीच्या तशी. मोठीमायला पहिल्यांदा वाटलं की आपल्या हाताला काही तरी झालं. तिनं जोंधळा बदलला, तवा बदलला, मिरची बंद केली. येडशीच्या वैदूचे काढे झाले, हकीमसाहेबांचं चूर्ण झालं. आबा मात्र दिवसेंदिवस आत ओढत चालले. चालताना त्यांच्या पोटात पाणी डुचमळल्याचा आवाज शेजारच्या माणसाला ऐकू यायचा. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि सांगितलं, हे इथलं काम नाही, सोलापूर गाठा.

सोलापूर म्हणजे इंग्रजाचा मुलूख. मोठीमाय तुळजापूरपलीकडं कधी गेली नव्हती. तेव्हा धावून आले ते मकबूलचाचा. ते येडशीच्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होते, ड्यूटी संपली की मळ्यात येऊन विहिरीचं पाणी प्यायचे आणि आबांच्या गाण्याला नावं ठेवायचे. त्यांना हिंदुस्थानी यायची, रेल्वेची माहिती होती आणि सोलापुरात त्यांची मावसबहीण होती. त्यांनी रजा टाकली आणि तिघं निघाली.

मोठीमायनं बरोबर एक गाठोडं घेतलं होतं. त्या दिवसांत निजामाच्या मोगलाईतलं धान्य बाहेर न्यायला बंदी होती, त्यामुळं हद्दीवर गाडी थांबली तेव्हा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाकेदार डब्यात चढला आणि त्यानं गाठोडं सोडायला लावलं. आत भगर, शेंगदाणे, राजगिरा. मकबूलचाचांनी त्याला समजावलं की हे धान्य नव्हे, उपासाचं आहे, बाई धर्माची आहे आणि नवरा आजारी आहे. नाकेदार भला माणूस निघाला. त्यानं स्वतःच्या हातानं गाठ पुन्हा मारली आणि अल्ला शिफा देवो म्हणून उतरून गेला. पुढं मकबूलचाचा म्हणायचे, तो हलकट निघाला असता आणि गाठोडं जप्त केलं असतं तर किती बरं झालं असतं.

दवाखाना होता डॉक्टर महांतप्पांचा. मुंबईला शिकून आलेले लिंगायत गृहस्थ, कपाळावर भस्माचे पट्टे आणि गळ्यात रबरी नळ्या. त्यांनी आबांना उताणं निजवलं, दोन्ही हातांनी कमरेला धरून हलवलं आणि कान लावून आतलं डुचमळणं ऐकलं. मग सांगितलं की जठराच्या खालच्या दारावर गाठ आली आहे, जात वाईट आहे, आणि तिनं दार बंद केलं आहे. खाल्लेलं पुढं जातच नाही, आत साठतं, कुजतं आणि वरच्या वाटेनं येतं.

"म्हंजी माज्या मोटंची सोंड बुजली म्हना की," आबा म्हणाले.

डॉक्टरांना ते फार पटलं. तसंच समजा, म्हणाले. गाठ कापून काढायची आणि सोंडेला नवी वाट करून द्यायची. पण आज नाही, उद्याही नाही. आधी पोट रोज धुवायचं, कारण घाण पाण्यानं फुगलेल्या पोटाला टाका धरत नाही. आणि उलट्यांनी अंगातलं पाणी आणि मीठ इतकं गेलंय की अशा माणसाला भूल दिली तर तो पुन्हा जागा व्हायचा नाही.

ते धुणं नर्स रुद्रम्मा करायची. ठेंगणी, काळीसावळी, कानडी हेलाचं मराठी बोलणारी बाई. आबांच्या तोंडातून ती रबराची नळी पोटापर्यंत सोडायची, वर नरसाळं धरून मिठाचं पाणी ओतायची आणि मग नरसाळं खाली बादलीत उतरवायची की आतलं सगळं बाहेर. पहिल्या दिवशी येडशीचा जोंधळा सोलापुरात निघाला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा असं धुणं चालायचं. दंडाच्या शिरेतून काचेच्या बाटलीतलं खारं पाणी थेंब थेंब जायचं. खायला म्हणून मोसंबीचा रस, पातळ दूध, फडक्यातून गाळलेली पेज, तीही घोटघोट. असं काही दिवस चाललं आणि आबांच्या सुकलेल्या ओठांवर ओल आली. डोळे वर आले. बादलीतलं पाणी गढुळाचं पांढुरकं आणि पांढुरक्याचं नितळ झालं.

मोठीमाय मात्र या सगळ्यातून बाहेर पडल्यासारखी झाली होती. पोटात काय घालायचं ते डॉक्टर ठरवणार, काढायचं ते रुद्रम्मा काढणार. परक्या पुरुषासमोर बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून डॉक्टर आले की ती पदर ओढून बाहेर अंगणात लिंबाखाली बसायची. तिथं रोग्यांच्या घरचे तीन दगडांच्या चुली मांडून स्वैपाक करायचे. ती स्वतःपुरती भाकरी थापायची आणि तीही तिच्या घशाखाली उतरायची नाही.

एका संध्याकाळी डॉक्टर नळीतलं पाणी उजेडात धरून बघत राहिले आणि खूश झाले. उद्या सकाळी कापू, म्हणाले. आणि पुढच्या रोग्याकडं जाता जाता मकबूलचाचांना सांगून गेले, "आता यांना लंघन, बरं का."

मकबूलचाचा अंगणात आले. मोठीमायनं विचारलं, काय म्हणाले? लंघन हा शब्द काही चाचांच्या जिभेवरचा नव्हता, पण अर्थ त्यांना पक्का कळला होता. ते म्हणाले, "उपास म्हनले, भाबी. आता उद्यापर्यंत उपास."

इथं सगळं चुकलं. रमजान सरून थोडेच दिवस झाले होते. चाचांच्या डोक्यात उपास म्हणजे रोजा, आणि रोज्यात माणूस थुंकीसुद्धा गिळत नाही. हिंदूंचा उपास कसा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, मळ्यात बसून मोठीमायची रताळी त्यांनी पुष्कळ खाल्ली होती. पण शब्द तोंडातून निघून गेला आणि ते निश्चिंत होऊन बहिणीकडं जेवायला गेले.

मोठीमायला तर हातात किल्ली मिळाल्यासारखं झालं. या परक्या जागेत पहिल्यांदाच कुणी तरी तिच्या घरचा शब्द बोललं होतं. नळी तिची नव्हती, बाटली तिची नव्हती, पण उपास तिचा होता. तिनं गाठोडं सोडलं, चूल पेटवली, भगर मऊ शिजवली, दाणे वाटून आमटी केली. रुद्रम्मा धुणं आटोपून घरी गेली होती. आबांनी वाटीकडं बघून विचारलं, डागदरांनी सांगितलंय का? मोठीमाय म्हणाली, व्हय, उपासाचंच हाय. तिनं चमच्यानं भरवलं आणि आबांनी वाटी संपवली. लई दिवसांनी चव लागली, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळइतकी सुखाची संध्याकाळ आपल्या संसारात दुसरी नव्हती, असं मोठीमाय मला सांगायची, आणि सांगताना तिचा स्वर असा व्हायचा की पुढचं विचारू नये.

सकाळी भूल द्यायच्या आधी रुद्रम्मानं शेवटचं म्हणून नळी सोडली. खरं तर आदल्या दिवशी पाणी नितळ आलं होतं, एक वेळ नसतं धुतलं तरी कुणी विचारलं नसतं. पण ती बाई नेमाची होती. नरसाळं खाली केलं आणि बादलीत भगरीचे फुगलेले दाणे पडले, त्यामागून शेंगदाण्याचा लगदा. रुद्रम्मा कानडीत काही तरी पुटपुटली आणि डॉक्टरांना बोलवायला पळाली.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की हे कुणी दिलं. तेवढ्यात मोठीमाय दारात आली आणि जन्मात पहिल्यांदा परक्या पुरुषाकडं सरळ बघून बोलली, "म्या दिलं. उपासाचंच दिलं, दुसरं काय न्हाय."

डॉक्टर चाचांकडं वळले. चाचांनी स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली आणि रोज्याचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर तिथंच पायरीवर बसले. आमच्या घरी पण शिवरात्रीला भगरच असते, असं ते म्हणाले. पण मग त्यांनी मोठीमायला काही न लपवता सांगितलं. भूल दिल्यावर हे अन्न वर आलं असतं, श्वासाच्या नळीत उतरलं असतं आणि तुमचा माणूस टेबलावरच गेला असता. आता पोट पुन्हा फुगलंय, पुन्हा धुवावं लागेल, आणि तेवढे दिवस काढायची ताकद त्यांच्यात आहे का, हे मला आज सांगता येणार नाही.

मोठीमाय रडली नाही. अंगणात गेली, चुलीचे तीन दगड उचलून कुंपणाबाहेर टाकले, उरलेली भगर चिमण्यांना घातली आणि लिंबाखाली पाठ करून बसली. ती आत येईना. मकबूलचाचांनी हाक मारली, रुद्रम्मानं मारली. माझ्या हातानं मी त्यांना मारणार होते, आता हा हात त्यांना लागायचा नाही, एवढंच ती म्हणायची. दुपार गेली. शेवटी आबांनीच चाचांच्या खांद्याचा आधार घेतला आणि खाटेवरून उठून दारापर्यंत आले. नळीनं घसा सोलवटला होता, आवाज निघत नव्हता.

"अगं, आपल्या हिरीचं बांधकाम करायचं व्हतं तवा काय केलं आपुन?" त्यांनी विचारलं. "आदी उपसा केला का न्हाय? समदं पानी काढलं, गाळ काढला, तळ दिसला, मग गवंडी खाली उतरला. तो खाली असताना कुनी वरनं पानी सोडलं असतं तर? ह्ये तसंच हाय. ह्यो उपास न्हाय. ह्यो उपसा हाय."

मी पुढं शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहिले. अक्षरं तीच. मधल्या अक्षराचा काना उचलून शेवटच्याला दिला की काम झालं. आबांना अक्षरओळख नव्हती, पण काना कुठं द्यायचा ते त्यांना बरोबर कळलं.

मोठीमाय उठली. विहिरीचा उपसा तिला कळत होता, रात्रंदिवस चाललेल्या त्या उपशाला तिनंच गडीमाणसांना भाकरी पुरवल्या होत्या. ती आत आली आणि रुद्रम्माच्या हातातलं नरसाळं मागितलं. रुद्रम्मा आधी नाही म्हणाली, मग तिच्याकडं बघून दिलं. तेव्हापासून नळी रुद्रम्मानं सोडायची आणि नरसाळं मोठीमायनं धरायचं. जिनं उभा जन्म माणसांच्या पोटात घातलं ती आता काढत होती. पाणी नितळ आलं तरी तिचं समाधान होईना. अजून तळ दिसत न्हाय, असं म्हणून ती आणखी एक नरसाळं ओतायला लावायची. शिरेतल्या पाण्यावर आबा कसेबसे तगले. एक दिवस तर पायांवर सूज आली आणि डॉक्टर खाटेपाशी बराच वेळ नुसते उभे राहिले. पण सूज उतरली, जीभ ओली झाली आणि डॉक्टरांनी पुन्हा सकाळ ठरवली.

या वेळी ते स्वतः अंगणात येऊन मोठीमायला सांगून गेले, "पाण्याचा थेंबसुद्धा नाही." त्या दिवशी तिनंही थेंब घेतला नाही. मकबूलचाचांनीही घेतला नाही. माझ्या शब्दानं घोळ झाला, निदान अर्थ तरी मी पाळतो, म्हणाले. दुपार टळल्यावर डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि गाठ निघाली म्हणाले. मग मोठीमायनं रडून घेतलं.

आबा येडशीला परत आले. पोट निम्मं उरलं होतं, म्हणून खाणं चिमणीसारखं, दिवसातून पाच-सहा वेळा चार-चार घास. अर्धी भाकरी ठेवून उठणाऱ्याशी भांडणारी मोठीमाय आता पाव भाकरीवर खूश असायची. पुढच्या उन्हाळ्यात आबांनी मोट धरली, गायलेही. मकबूलचाचा थारोळ्यावर बसून म्हणाले की डॉक्टरांनी गाठ काढली तशी हा आवाजही काढायला हवा होता. चांगली दोन-तीन वर्षं गेली. कुणी विचारलं तर मोठीमाय म्हणायची की आमच्या मोटंला नवी सोंड हाय.

मग गाठ पुन्हा आली. सोलापूरला नेलं तेव्हा डॉक्टर महांतप्पांनी पोटावर नुसता हात ठेवला, हलवून पाहिलं नाही. आता कापण्यासारखं काही राहिलं नाही, घरी न्या, म्हणाले. उलट्यांचा त्रास वाचावा म्हणून रुद्रम्मानं रबराची एक नळी मोठीमायच्या पदरात घातली आणि ती सोडायची कशी तेही शिकवलं. त्यानंतर रोज तिन्हीसांजेला मोठीमाय घरीच आबांचं पोट धुवायची. तेवढं केलं की त्यांना झोप लागायची. नळी उकळून, पुसून ती खुंटीला अडकवायची. आमच्या घरी त्याला कुणी धुणं म्हणत नव्हतं, उपसाच म्हणायचे.

शेवटचं तिनं मला एकदाच सांगितलं, एका सोमवारी, भगर निवडता निवडता. आबा अगदी वातीएवढे उरले होते. तिन्हीसांज झाली, तिनं पाणी कोमट केलं आणि नळी काढायला खुंटीकडं हात नेला. आबांनी मान हलवली.

"आज उपसा नगं," ते म्हणाले. "आज उपास कर."

त्या दिवशी सोमवार नव्हता, चतुर्थी नव्हती, कसलाच वार नव्हता. मोठीमायनं कोमट पाणी बाजूला ठेवलं. चूल पेटवली, भगर मऊ शिजवली, दाणे वाटले आणि वाटी घेऊन उशाशी बसली. दोन चमचे त्यांनी घेतले, तिसरा तोंडात नुसता धरून ठेवला.

"मग?" मी विचारलं.

"चव लागली म्हनले," मोठीमाय म्हणाली, आणि सुपातले खडे वेचायला लागली.